आपल्याच रक्ताची सुई



हाडांच्या डॉक्टरकडे हल्ली रोज कुणीतरी विचारतं, "ते आपल्याच रक्ताचं इंजेक्शन असतं ना, ते घेऊन बघू का?" विचारणाऱ्यांत कठडा धरून जिना चढणाऱ्या आजी असतात. कोपर इतकं दुखतं की पोळी लाटता येत नाही, अशा गृहिणी असतात. पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी पहाटे पळणारी आणि टाचेमागे ठणका लागलेली पोरं असतात. तिघांचं दुखणं वेगळं आहे, आणि या इंजेक्शनाबद्दलचं उत्तरही तिघांना वेगळं द्यावं लागतं. मला आज मुख्यतः एवढंच मांडायचं आहे, कारण बाजारात मात्र ते सगळ्यांना एकच उत्तर म्हणून विकलं जातंय.

आधी ते असतं काय, ते पाहू. पीआरपी म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्मा. तुमच्या दंडातून वीस ते साठ मिलिलिटर रक्त काढतात. ते गोठू नये म्हणून नळीत आधीच औषध घातलेलं असतं. मग नळी सेंट्रिफ्यूजमध्ये ठेवून गरगर फिरवतात. काही मिनिटांनी ती उजेडासमोर धरली की रक्ताचे थर दिसतात. तळाला गडद लाल पेशी, वर गव्हाच्या काडीसारखा पिवळसर द्रव आणि दोन्हींच्या मधे पांढुरकी, अगदी पातळ साय. पांढऱ्या पेशी या सायीत असतात आणि प्लेटलेट तिच्यात व तिच्या लगतच्या द्रवात. हा भाग वेगळा काढून, बहुधा पुन्हा एकदा फिरवून, शेवटी तीन ते पाच मिलिलिटर द्रव हाती येतो. तो दुखऱ्या सांध्यात किंवा स्नायुरज्जूत टोचतात. बहुतेक ठिकाणी सोनोग्राफीच्या पडद्यावर सुईचं टोक बघत बघत टोचतात, आणि ते योग्यच आहे.

प्लेटलेटचं नाव आपल्याला डेंगूमुळे घरोघरी माहीत झालं. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. रक्त थांबवणं हे त्यांचं पहिलं काम. दुसरं काम कमी लोकांना ठाऊक असतं. प्रत्येक प्लेटलेटच्या पोटात बारीक पिशव्या असतात आणि त्यांत वाढीला चालना देणारी प्रथिनं साठवलेली असतात. जखमेपाशी प्लेटलेट फुटली की ही प्रथिनं बाहेर पडतात, दुरुस्ती करणाऱ्या पेशींना बोलावतात, नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात. स्नायुरज्जू आणि कूर्चा यांना मुळातच रक्तपुरवठा तुटपुंजा. कूर्चेत तर रक्तवाहिन्या नसतातच. मग जिथे रक्त पोचत नाही तिथे दुरुस्तीचं सामान सुईने पोचवावं, हा या उपचारामागचा विचार. विचार देखणा आहे, आणि प्रयोगशाळेतल्या पेशींवर तो बऱ्याच अंशी खराही ठरतो. प्रश्न माणसाच्या गुडघ्याचा आहे.

पीआरपी हा शब्द रक्तपेढीतून आला. प्लेटलेट कमी झालेल्या रुग्णाला देण्यासाठी तो १९७०च्या दशकातच वापरात होता. पुढे हृदयशस्त्रक्रियेत आणि १९९८च्या सुमारास जबड्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेत तो आला. २००६मध्ये अमेरिकेत मिश्रा आणि पाव्हेल्को यांनी जुनाट कोपरदुखीच्या वीस रुग्णांवरचं काम प्रसिद्ध केलं. विसांतल्या पंधरा जणांना पीआरपी दिलं होतं. इतक्या थोड्या लोकांवरून निष्कर्ष काढायचा नसतो, पुढची मोठी चाचणी आखायची असते. पण त्याआधीच मैदान आडवं आलं. २००९च्या जानेवारीत पिट्सबर्ग स्टीलर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा हाइन्स वॉर्ड गुडघ्याचा अस्थिबंध दुखावून बसला, त्याला पीआरपी दिलं गेलं आणि दोन आठवड्यांत तो सुपर बोल या अंतिम सामन्यात खेळला. टायगर वूड्सचं नाव आलं, राफाएल नदालचं आलं. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०१०मध्ये स्नायूत पीआरपी टोचायला बंदी केली आणि २०११च्या यादीतून ती काढून टाकली, कारण त्याने खेळाची ताकद वाढते याला आधार सापडला नाही. लोकांच्या लक्षात मात्र वॉर्ड राहिला. तसा अस्थिबंध विश्रांतीने आणि व्यायामानेही बरा होतो. एकट्या वॉर्डकडे बघून त्याला कशाने बरं वाटलं, हे कुणालाच सांगता येणार नाही.

ते सांगायचं तर एकच रस्ता आहे. निम्म्या लोकांना पीआरपी द्यायचं, निम्म्यांना साधं सलाइन, म्हणजे मिठाचं पाणी. कुणाला काय मिळालं हे रुग्णालाही कळू द्यायचं नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही.

आता कोपर घेऊ, कारण गोष्ट सगळ्यात गुंतागुंतीची आहे ती इथेच. टेनिस एल्बो म्हणतात खरं, पण ते टेनिस खेळणाऱ्यांपेक्षा कपडे पिळणाऱ्यांना आणि पाना फिरवणाऱ्यांना जास्त होतं. २०१०मध्ये नेदरलँड्समधल्या पेरबूम्स आणि सहकाऱ्यांनी शंभर रुग्णांत पीआरपीची तुलना स्टेरॉइडच्या इंजेक्शनाशी केली. वर्षाअखेर वेदनेच्या मोजपट्टीवर पीआरपी घेतलेल्यांपैकी ७३ टक्के यशस्वी ठरले, स्टेरॉइडवाले ४९ टक्के. हा आकडा तुम्हाला अनेक माहितीपत्रकांवर छापलेला दिसेल. तो खोटा नाही. पण त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून वाचा. २०१३मध्ये ऑस्ट्रेलियात १६५ कोपरदुखीच्या रुग्णांवर चाचणी झाली. त्यात स्टेरॉइड घेतलेले वर्षभराने ८३ टक्के बरे होते आणि नुसतं सलाइन टोचलेले ९६ टक्के. स्टेरॉइडच्या गटात दुखणं उलटण्याचं प्रमाण ५४ टक्के, सलाइनच्या गटात १२. म्हणजे स्टेरॉइडने पहिले काही आठवडे छान वाटतं आणि पुढे नुकसान होतं. मग पेरबूम्सच्या चाचणीत पीआरपी जिंकलं, की स्टेरॉइड हरलं? त्याच २०१३मध्ये डेन्मार्कमध्ये साठ जणांवर पीआरपी, स्टेरॉइड आणि सलाइन असे तीन गट करून पाहिलं. तीन महिन्यांनी वेदनेत तिघांमध्ये फरक नव्हता. कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२१च्या आढाव्यात बत्तीस अभ्यास एकत्र तपासले गेले आणि कोपरासाठी पीआरपीचा म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही. या दुखण्यातली बहुतेक माणसं वर्षभरात आपोआप सुधारतात. ज्याच्यामागे वर्षभर गेलंय, व्यायाम नीट केलाय, तरी कोपर ऐकत नाही, अशा माणसाला वारंवार स्टेरॉइड टोचण्यापेक्षा पीआरपीचा विचार करणं मी समजू शकतो. याहून पुढे मी जाणार नाही.

टाचेबद्दल उत्तर जास्त स्पष्ट आहे. टाचेमागची घोडशीर, म्हणजे अकिलीस, जुनाट दुखू लागते तेव्हा आतले कोलॅजनचे धागे विस्कटलेले असतात. २०१०मध्ये नेदरलँड्समध्ये चोपन्न रुग्णांवर पीआरपी आणि सलाइन पडताळलं. दोन्ही गट सारखेच सुधारले. कारण दोन्ही गटांना एकच व्यायाम दिला होता. २०२१मध्ये ब्रिटनमध्ये २४० जणांवरच्या मोठ्या चाचणीत सहा महिन्यांनी पुन्हा तेच दिसलं. घोडशीर तुटलेल्या २३० रुग्णांवर २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही फायदा नव्हता. आणि मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापतीत, २०१४च्या डच चाचणीत, दोन्ही गटांतले खेळाडू मैदानावर सारख्याच दिवसांत परतले.

मग टाचेला काय करायचं? स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसननी १९९८मध्ये दिलेला व्यायाम आजही उभा आहे. जिन्याच्या पायरीवर चवड्यांवर उभं राहायचं. दोन्ही पायांवर टाचा उचलायच्या, मग सगळं वजन दुखऱ्या पायावर घेऊन ती टाच पायरीच्या पातळीखाली हळूहळू उतरवायची. गुडघा सरळ ठेवून पंधराचे तीन फेरे, गुडघा किंचित वाकवून पुन्हा तीन. हे दिवसातून दोनदा, बारा आठवडे. दिवसाला १८० वेळा टाच खाली जाते. सुरुवातीला दुखतं, आणि थोडं दुखलं तरी करायचं असतं. पायरी फुकट आहे, म्हणून कुणी तिची जाहिरात करत नाही. भरतीची तयारी करणाऱ्या मुलाने घरी जमवलेल्या पैशांतून इंजेक्शन घ्यावं आणि व्यायाम आठव्या दिवशी सोडावा, हे बघून मला खरोखर वाईट वाटतं.

आता गुडघा. "वंगण संपलंय, गादी झिजलीय," असं आपण म्हणतो त्या झिजेचा. इथे मात्र पारडं अजून हलतं आहे. चंदीगडच्या पीजीआयमध्ये संदीप पटेल आणि सहकाऱ्यांनी दोन्ही गुडघे दुखणाऱ्या ७८ रुग्णांवर केलेली चाचणी २०१३मध्ये प्रसिद्ध झाली. पीआरपी घेतलेल्यांना दोन-तीन आठवड्यांत बरं वाटू लागलं, एक सुई आणि दोन सुया यांत फरक पडला नाही, आणि सलाइनवाल्यांना तसा फायदा झाला नाही. सहाव्या महिन्याला मात्र गुण ओसरू लागला होता. भारतात झालेलं हे काम जगभर उद्धृत होतं, आणि त्याचा मला अभिमान वाटतो.

पण २०२१ साली सिडनी आणि मेलबर्नमध्ये २८८ जणांवर झालेली चाचणी आली. रक्त सगळ्यांचंच काढलं, आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं सगळ्यांना दिली, आणि टोचणाऱ्या डॉक्टरलाही सिरिंजमध्ये काय आहे ते ठाऊक नव्हतं. वर्षाने शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर पीआरपीवाल्यांची वेदना २.१ने कमी झाली, सलाइनवाल्यांची १.८ने. एमआरआयवर कूर्चा दोन्ही गटांत सारखीच झिजली होती. मिठाच्या पाण्याने वेदना दहापैकी जवळजवळ दोनने उतरते, यावर जरा थांबून विचार करा. कुणीतरी वेळ दिला, रक्त काढलं, सुई लावली, आशा वाटली, आणि दुखणंही आपल्या भरतीओहोटीने उतरलं. हा आराम खरा असतो. पण त्याचं श्रेय प्लेटलेटला देता येत नाही.

या चाचणीवर आक्षेप आला तो असा, की तिथल्या द्रवात प्लेटलेट पुरेशा दाट नव्हत्या. आक्षेप रास्त आहे, आणि तोच या सगळ्या विषयाचा कच्चा दुवा आहे. औषधाच्या गोळीवर पाचशे मिलिग्रॅम लिहिलेलं असतं. पीआरपीवर काहीच लिहिलेलं नसतं. यंत्र बदललं, फिरवण्याचा वेग बदलला, रुग्ण बदलला, की द्रव बदलतो. पांढऱ्या पेशी ठेवायच्या की गाळायच्या, यावरही एकमत नाही. अमेरिकेतल्या संधिवात तज्ज्ञांच्या संघटनेने गुडघ्यासाठी पीआरपी वापरू नये असा ठाम सल्ला दिला आहे. तिथल्याच अस्थिशल्यचिकित्सकांच्या संघटनेने मर्यादित पाठिंबा दिला आहे. 'गादी पुन्हा भरून येते' असं मात्र कुणीही सिद्ध केलेलं नाही, आणि तसं सांगणाऱ्याकडून उठून यावं.

म्हणून सुई घ्यायचीच ठरली, तर विचारा: माझ्या या द्रवात प्लेटलेट किती आहेत, मोजल्या का? सोनोग्राफीखाली टोचणार का? सोबत व्यायाम कोण शिकवणार? आणि आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या आधी किती दिवस बंद ठेवायच्या, हेही विचारा, कारण त्या प्लेटलेटचंच काम रोखतात. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका.

एक मागणी शासनाकडे आणि एक तुमच्याकडे. मुंबई, पुणे, नागपूर, संभाजीनगरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या ओपीडी गुडघेदुखीच्या रुग्णांनी भरलेल्या असतात. प्लेटलेट मोजून, मात्रा ठरवून, सलाइनशी तुलना करणारी मोठी चाचणी इथे होऊ शकते. मांडी घालून बसणाऱ्या, शेतात उकिडवं काम करणाऱ्या गुडघ्यांचं उत्तर मेलबर्नहून का मागवायचं? अशी चाचणी तुमच्या गावच्या रुग्णालयात सुरू झाली आणि तुम्हाला कुणी सांगितलं, की कदाचित तुमच्या वाट्याला नुसतं मिठाचं पाणी येईल, तर आधी कागद नीट वाचा, शंका विचारा, आणि जमलं तर हो म्हणा.