तसबिरीतील स्त्री
(मनमाड येथील वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



मजसारख्या जुन्या मॅट्रिक शिक्षकाने छायाचित्रांविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु गतवर्षीची स्मरणिका चाळताना एक गोष्ट मनास लागली. पुरुषांची छायाचित्रे एकेकट्याची, खाली नाव, शिक्षण, हुद्दा. स्त्री एकटी दिसते ती दोनच ठिकाणी : उपवर मुलींच्या सूचीत आणि श्रद्धांजलीच्या पानावर.

माझी आई 1984 साली निवर्तली. भिंतीवर तसबीर हवी म्हणून सारे घर धुंडाळले. तिचे एकटीचे एकही छायाचित्र निघाले नाही. अखेर एका लग्नातील समूहचित्रातून तिचा चेहरा कापून मोठा करविला. कडेला कोणाच्या तरी खांद्याचा तुकडा राहिला आहे, तो आजही दिसतो. तिची नजर कॅमेऱ्याकडे नाहीच. ती पंगतीकडे पाहत आहे. आम्हां भावंडांचे शाळेसाठी, नोकरीसाठी फोटो निघाले. ‘आई, तूही बस जरा खुर्चीवर,’ असे कोणी म्हटले नाही. मीही नाही.

आता आपल्याच रेल्वेमार्गावरील कल्याणची एक कन्या पाहा. 10 ऑक्टोबर 1885 रोजी अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात, आनंदीबाई जोशी यांचे छायाचित्र घेतले गेले. सोबत जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या सबात इस्लामबुली. तिघींनी आपापल्या देशीचा वेष केलेला; आनंदीबाई साडीत. वय अवघे वीस. 1886 च्या मार्चात त्यांना पदवी मिळाली, आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. शिकलेली विद्या वापरण्यास आयुष्य उरले नाही. छायाचित्र मात्र राहिले. त्यात त्या कोणाच्या आड नाहीत, आणि खाली त्यांचे स्वतःचे नाव आहे.

कोणी म्हणेल, गुरुजी, आता घरोघरी मोबाइल आहेत. खरे आहे, परंतु आमच्या घरी मी पाहतो, सर्वांचे फोटो सूनबाई काढते, म्हणून फोटोत नसते तीही सूनबाईच.

कार्यकारी मंडळास माझी विनंती आहे की, पुढील स्मरणिकेत साठी उलटलेल्या प्रत्येक भगिनीचे एकटीचे छायाचित्र छापावे, आणि खाली तिचे नाव व तिने जन्मभर काय काम केले ते लिहावे, मग ते शिवणकाम असो, शेती असो वा शाळा. उद्या सकाळी नऊच्या आत मांडवाच्या पूर्वेस उजेड चांगला असतो. खुर्ची मी घरून आणीन. प्रथम आमच्या थोरल्या वहिनी बसतील. पदर डोक्यावर घ्यावा की खांद्यावर, हे त्यांना कोणी सांगू नये.