बाई सुटून घरी येते तेव्हा



वाईकरांना शूटिंगचं अप्रूप नाही. मेणवलीच्या घाटावर ‘स्वदेस’ या सिनेमाचं चित्रीकरण झालेलं आपण पाहिलं आहे. आज मात्र बोलायचं आहे ते सिनेमा-पुस्तकांतल्या कैद्यांच्या गोष्टींबद्दल.

त्यातली एक आपल्याच मुलखातली. औंध संस्थानाने 1939 साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत उभारली. कैद्यांनी तिथे बेड्यांशिवाय राहायचं, शेती करायची. आटपाडीच्याच माणदेशातल्या ग. दि. माडगूळकरांनी या वसाहतीवरून कथा लिहिली आणि 1957 साली व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ आला. त्यातले सहा खुनी माणसात येऊ शकतात, हे साऱ्या देशाने डोळे पुसत मान्य केलं.

एवढी माया बंदिवान बाईच्या वाट्याला आली का?

1982 साली जब्बार पटेल यांनी ‘उंबरठा’ केला. शांता निसळ यांची ‘बेघर’ ही कादंबरी, विजय तेंडुलकरांची पटकथा आणि स्मिता पाटील यांची सुलभा. महिला सुधारगृहाची ही अधीक्षक. तिथल्या कितीतरी बायकांचा दोष एवढाच, की त्यांना घराने टाकलं होतं. तरी फाटकाला कुलूप. शेवटी सुलभा स्वतः घरी परतते, तर पोटची मुलगी राणी काकूची झालेली असते आणि नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. नोकरीसाठी घर सोडलेल्या बाईची ही गत, मग शिक्षा भोगून आलेलीला कोण दार उघडणार?

वकील सुधा भारद्वाज येरवड्याच्या तुरुंगात होत्या. कोठडीच्या गजांतून दिसलेल्या सत्तरएक बायकांची शब्दचित्रं त्यांनी ‘फ्रॉम फाशी यार्ड’ या 2023 सालच्या पुस्तकात रेखाटली. ते वाचलं, की ‘महिला कैदी’ या दोन शब्दांआड किती वेगवेगळी आयुष्यं आहेत, ते कळतं.

पुरुष आत गेला, तर त्याची बायको वकिलाकडे खेटे घालते, मुलाखतीच्या रांगेत उभी राहते. बाई आत गेली, की तिचं नाव घरात निघेनासं होतं. कलेने हे आपल्याला दाखवलं. पुढचं काम आपलं.

आपल्या ओळखीची कुणी बाई कच्ची कैदी म्हणून आत असेल, तर 15100 या विधी सेवेच्या क्रमांकावर फोन करा. उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळणं हा बाईचा कायदेशीर हक्क आहे. आणि ती सुटून आली, तर तिला घरात घ्या.