आधी नाव वाचा



पदवीदानाला एखादा शास्त्रज्ञ बोलवतात, उद्योगपती बोलवतात, कोणीच मिळालं नाही तर सिनेमातला नट. तुमच्या प्राचार्यांनी एका निवृत्त महसूल कर्मचाऱ्याला बोलावलं आहे. मी तलाठी म्हणून लागलो आणि नायब तहसीलदार म्हणून सुटलो. उभ्या नोकरीत लोकांना सर्वांत जास्त वेळा काय सांगितलं असेल, तर 'सोमवारी या'. सरकारचं काम आता कॉम्प्युटरवर गेलं, तिथून तुमच्या खिशातल्या फोनवर आलं. तेव्हा त्या सोमवारचं पुढे काय झालं, एवढंच आज बोलणार आहे.

देवबागची एक मासळी विकणारी बाई डोळ्यांसमोर आणा. मुलाच्या शिष्यवृत्तीला उत्पन्नाचा दाखला हवा. सकाळची टोपली शेजारणीकडे सोपवायची, एसटी पकडून मालवणला यायचं. तिथे कळायचं, आधी तलाठ्याचा अहवाल आणा. तलाठी, म्हणजे मी, मीटिंगला ओरोसला गेलेलो. सोमवारी या. सोमवारी तलाठी भेटला, तर तिकडे सहीचे साहेब दौऱ्यावर. एका दाखल्यापायी तीन हेलपाटे, तीन बाजार बुडाले. दाखल्याची फी आमच्या वहीत लिहिली जायची. तिच्या तीन दिवसांचा हिशेब मात्र कुठल्याच वहीत नव्हता. सामाजिक-आर्थिक विकास हा विषय तुम्ही परीक्षेत दहा गुणांना लिहिला असेल. मला त्याची मोजपट्टी एवढीच कळते, की सरकारने त्या बाईचे किती बाजार बुडवले.

या मोजपट्टीने पाहिलं तर फरक मोठा पडला आहे, आणि तो मी आधी मोकळेपणाने कबूल करतो. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला. पंधरा रुपये भरले की कागद हातात. माझ्या सहीसाठी लोक माझ्या दारात ताटकळायचे, ती सही आता मशीन करतं. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला जरा लागलं मनाला. ई-फेरफार आल्यापासून दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदलं की त्याची माहिती आपसूक तलाठ्याकडे येते. पूर्वी खरेदी झाली की नोंदीसाठी वेगळा अर्ज, वेगळ्या नकला, वेगळी मनधरणी. ई-हक्क प्रणालीमुळे परळला राहणारा चाकरमानी वारस नोंदीचा अर्ज तिथूनच करतो. महाराष्ट्राला हे काही कालपरवा सुचलेलं नाही. वारणेच्या खोऱ्यात १९९८ साली सत्तर गावं संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला होता, आणि कल्याण-डोंबिवली महापालिकेने उभी केलेली संगणकप्रणाली पुढे राज्यातल्या इतर नगरपालिकांना नमुना म्हणून दाखवली गेली. देशातला पहिला आधार क्रमांकसुद्धा २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या टेंभली या आदिवासी गावात दिला गेला.

आता दुसरी बाजू.

कोकणातला सातबारा तुम्ही पाहिला आहे का? घाटावरच्या सातबाऱ्यावर दोन-चार नावं असतात. आपल्याकडे सात गुंठ्यांच्या हिश्श्याला सत्तावीस नावं. त्यातली नऊ वारलेली, बारा मुंबईला, दोन कोण आहेत ते कोणालाच माहीत नाही. शिवाय इतर हक्कात कुळ. हे हस्तलिखित सातबारे कॉम्प्युटरवर चढवले ते ज्यांनी गाव कधी पाहिलं नाही अशा मुलांनी. घाडीगावकरांचे गाडीगावकर झाले. त्यावर आम्ही कार्यालयात हसलोही.

मग एक आजी आली. नवरा वारल्यावर तिघा मुलांबरोबर तिचं नाव वारस म्हणून लागलं होतं, जुन्या हाती फेरफारात स्वच्छ अक्षरात होतं. टाइप करताना पान उलटलं असावं. मुलांची नावं चढली, आणि पुढच्या पानावरच्या पहिल्या ओळीतली आजी राहून गेली. पीएम-किसानचा अर्ज भरायला गेली तेव्हा तिला ते कळलं. माझ्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "झिला, माझां नाव खंय गेलां? मी मेलंय काय?"

महसूल अधिनियमाचं कलम १५५ अशाच लेखनप्रमादासाठी आहे. अर्ज, जबाब, जुन्या फेरफाराची नक्कल, अहवाल, आदेश. ते कागद माझ्याच टेबलावरून फिरले आणि मी काही झोपलो नव्हतो, तरी पाच महिने गेले. चूक करायला एक क्षण पुरला होता. चूक सरकारची आणि हेलपाटे आजीचे, हा हिशेब मला तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. कागदावरची चूक एका दप्तरात पडून राहायची. कॉम्प्युटरवरची चूक बँकेत जाते, कृषी कार्यालयात जाते, पीकविम्यात जाते, आणि जिथे जाईल तिथे 'सिस्टीममध्ये असंच आहे' म्हणून मानाने बसते.

रेशनच्या दुकानात अंगठा लावायचा असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या भागात काजूच्या कारखान्यांत किती बाया राबतात, तेही ठाऊक आहे. काजूच्या टरफलाचा चीक कातडी खातो. वर्षानुवर्षं काजू फोडलेल्या बाईच्या बोटावर रेषाच उरत नाहीत. मशीन म्हणतं, ही बाई ती नव्हेच. ज्या कष्टाने हात झिजले त्याच कष्टासाठी धान्य नाकारलं जातं, यात मशीनचा दोष नाही. पण अंगठा उमटला नाही तर पुढे काय, हे ज्याने ठरवायला हवं होतं त्याचा नक्की आहे.

रापणीचंही तसंच. दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिलीय ना? दोरखंडाला चाळीस-पन्नास माणसं, आणि मासळीचे वाटे पडतात ते घराघराने. आता एखाद्या ऑनलाइन अर्जात 'मालकाचे नाव' असा एकच रकाना असला, तर तिथे काय लिहायचं? रकाने आखणारा माणूस समुद्रापासून लांब बसतो. आपली जगण्याची रीत त्याच्या रकान्यात मावत नसेल, तर त्याला ते इथून कोणीतरी लिहून कळवायला हवं. एवढं मराठी आणि एवढा कॉम्प्युटर तुम्हाला येतो.

मासळीवरून आठवलं. केरळच्या उत्तर किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाइल आला, तेव्हा मच्छीमारांच्या बाजारात काय फरक पडला याचा रॉबर्ट जेन्सन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने अभ्यास केला. त्यांचा निबंध २००७ साली प्रसिद्ध झाला. आधी काय व्हायचं, तर एका बंदरात तारलीचा खच पडलेला, गिऱ्हाईक नाही म्हणून मासळी समुद्रात परत फेकलेली. आणि थोड्याच अंतरावरच्या दुसऱ्या बंदरात गिऱ्हाईक रिकाम्या हाताने उभं. फोन आल्यावर होडीवाले समुद्रातूनच भाव विचारू लागले आणि भाव असेल त्या बंदराला लागले. मच्छीमारांचा नफा सरासरी आठ टक्क्यांनी वाढला, गिऱ्हाइकाला मासळी चार टक्क्यांनी स्वस्त मिळाली, नासाडी जवळजवळ थांबली. यात ना अनुदान होतं, ना उद्घाटनाची कोनशिला. योग्य वेळी खरी माहिती मिळाली, बस. सरकारी सेवेकडूनही माझी अपेक्षा यापेक्षा जास्त नाही.

पण वीज गेली की हे सगळंच जातं. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यावरून गेलं, तेव्हा तुम्ही शाळेत असाल. माड आडवे, खांब आडवे, कित्येक वाड्यांत कित्येक दिवस वीज नाही, फोन मुके. मी तेव्हा निवृत्त होतो, तरी वाडीतली पोरं मला घेऊन गेली, कारण पंचनामा कसा लिहायचा हे माझ्या हाताला माहीत होतं. कार्बन पेपर शोधायला दोन तास गेले. पुढे नुकसानभरपाई थेट खात्यात आली, मधले हात वाचले, हे उत्तम झालं. पण तिची सुरुवात एका बॉलपेनाने झाली. दप्तरात कार्बन पेपर असू द्या, असं मी माझ्या जागेवर आलेल्या मुलीला सांगितलं, तर ती हसली.

आणखी एक आकडा सांगतो, तो मला वादळापेक्षा जास्त टोचतो. सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली ८,६८,८२५ होती, २०११ साली ८,४९,६५१ झाली. देशाची लोकसंख्या वाढत होती तेव्हा आपली घटली. कारण सांगायला नको. या सभागृहातल्या निम्म्या घरांतून कोणीतरी मुंबईला आहे. आम्ही मनीऑर्डरवर वाढलो. पोस्टमन पैसे मोजून द्यायचा, पावतीवर अंगठा घ्यायचा आणि खालच्या चिठोरीवरच्या दोन ओळी आजीला वाचून दाखवायचा, 'गणपतीक येतंय, पावसाआधी कौलां परतून घे'. आता पैसे खात्यात पडतात आणि मेसेज येतो इंग्रजीत. आजी तो मेसेज घेऊन कोणाकडे तरी जातेच. मधला माणूस संपला असं आपण म्हणतो, पण तो संपलेला नाही, फक्त बदलला. पूर्वी खाकी कपड्यातला होता, आता 'आपले सरकार' सेवा केंद्रात स्क्रीनमागे बसतो.

तो माणूस उद्या तुमच्यापैकीच कोणीतरी असणार. काहीजण स्पर्धा परीक्षा देऊन आमच्या खुर्चीत बसाल, काहीजण असं 'आपले सरकार' केंद्र काढाल, आणि बाकीच्यांना शेजारपाजारचे लोक फोन घेऊन हाक मारतीलच, 'जरा ह्यां बघ रे'. म्हणून एक कायदा लक्षात ठेवा. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख देवीच्या कौलाने ठरते आणि हल्ली ती मिनिटभरात व्हॉट्सॲपवरून लालबागला पोचते. देवीच्या कौलावर अपील नाही. सरकारच्या निर्णयावर आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली आला. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही, तर त्याच खात्यात पहिलं अपील, मग दुसरं, आणि तिसरं थेट सेवा हक्क आयोगाकडे. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. मी नोकरीत असताना हा कायदा आला आणि खरं सांगतो, आमच्या कार्यालयात 'सोमवारी या' त्याने जेवढं कमी झालं तेवढं नव्या कॉम्प्युटरांनी झालं नाही. मात्र त्यासाठी अर्जाची पोच आणि नंबर हातात हवा. तोंडी अर्जाला मुदत नसते.

आता माझं मागणं. ज्याचा अर्ज भराल त्याला तो सबमिट करण्याआधी मोठ्याने वाचून दाखवा, मालवणीत सांगा, पोस्टमन सांगायचा तसा. पोच छापून द्या. आणि अर्जात मोबाइल नंबर त्या माणसाचाच घाला. हे बारीक वाटेल, पण मी पाहिलं आहे: केंद्रवाला सोयीसाठी स्वतःचा नंबर टाकतो, मग दर वेळी ओटीपी त्याच्याकडे जातो आणि म्हातारा जन्मभर त्याच्या दाराशी बांधला जातो. हेलपाटा तसाच राहतो, फक्त तहसीलऐवजी दुकानाचा होतो.

फार बोललो, बाहेर चहा निवतोय. तुमची पदवी डिजिलॉकरमध्येही येईल आणि पुढची चाळीस वर्षं तिथून जाईल तिथे जाईल. तेव्हा प्रमाणपत्र हातात आलं की फोटो नंतर काढा, आधी स्वतःचं नाव अक्षर न् अक्षर वाचा. एखादी वेलांटी जरी चुकली असेल, तरी चहाला जाण्याआधी कार्यालयाच्या खिडकीवर सांगा. ती आज पाच वाजेपर्यंत उघडी आहे, मी येताना विचारून आलोय.