औषधांच्या जाहिराती आणि आपण



आपल्या छत्रपती संभाजीनगरातील घाटीला रोगी मिळविण्यासाठी जाहिरात करावी लागत नाही. १९५६ साली निघालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे हे रुग्णालय. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून माणसे वाट विचारीत तेथे येतात.

आज मात्र त्याच माणसांच्या हाती मोबाइल आहे आणि त्यावर कोणी हसतमुखाने सांगत असतो, 'मधुमेह मुळासकट बरा!' वास्तविक अशा औषधी जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई केली आहे. त्याच्या परिशिष्टात ५४ रोग दिले आहेत. मधुमेह त्यांपैकीच एक. आणि गंमत अशी की, त्या कायद्यातील जाहिरातीच्या व्याख्येत प्रकाश, ध्वनी, फार काय, धुराच्या साहाय्याने केलेली घोषणासुद्धा येते! म्हणजे मोबाइल जन्माला येण्यापूर्वीच या कलमात सापडला होता. कायदा तोकडा नाही. तक्रार करायला आपण उठत नाही. उलट ती चित्रफीत आपणच दहा नातलगांना धाडतो.

त्यांतला एखादा त्या चूर्णावर विसंबून इन्सुलिन सोडतो. थोड्याच दिवसांत तो बेशुद्ध पडू शकतो. मग घरची माणसे त्याला रिक्षात घालून घाटीच गाठतात.