दिल्लीच्या सात जागा



लोकसभेच्या 543 सदस्यांपैकी दिल्लीचे सातच असतात. संख्या लहान असली, तरी या सात जागांचा इतिहास बोधप्रद आहे. 1977 साली त्या सर्वच्या सर्व जनता पक्षाने जिंकल्या, तर 1984 साली काँग्रेसने. 1999 मध्ये सातही भारतीय जनता पक्षाकडे गेल्या, 2009 मध्ये पुन्हा काँग्रेसकडे, आणि 2014, 2019 व 2024 अशा तिन्ही वेळी भारतीय जनता पक्षाकडे.

यावरून दिल्ली एकमुखाने बोलते, असा निष्कर्ष काढणे मात्र योग्य नव्हे. 2024 मध्ये विजयी पक्षाला सुमारे 54 टक्के मते पडली, तर एकत्र लढलेल्या आम आदमी पक्षाला व काँग्रेसला मिळून सुमारे 43 टक्के. जागा मात्र सात आणि शून्य! ज्याची मते सर्वाधिक तो विजयी, या नियमाचाच हा परिणाम होय. पक्षांचे बळ सर्व मतदारसंघांत जवळजवळ सारखेच विभागलेले असले, म्हणजे बेताची आघाडीही सगळ्या जागा मिळवून देते.

शिवाय, हा मतदार दोन निवडणुकांमध्ये विवेक करतो. मे 2019 मध्ये ज्या पक्षाला त्याने सातही जागा दिल्या, त्याला फेब्रुवारी 2020 च्या विधानसभेत 70 पैकी आठच दिल्या. 62 आम आदमी पक्षाला मिळाल्या.

तेव्हा निवडून आलेल्या सदस्याने एवढे ध्यानात ठेवावे : ज्यांनी त्याला मत दिले नाही, त्यांचाही लोकसभेतील प्रतिनिधी तोच आहे. त्यांना दुसरा नाही.