समाच्या गच्चीवरचा हिवाळा



हिवाळा आला की पतंग घेऊन डोंगरात जाणारी माणसं जगात आहेत. नॉर्वेत हार्डांगरविद्दा नावाचं उघडंबोडकं पठार आहे. तिथे पायांना स्की बांधायच्या, कमरेच्या पट्ट्याला मोठा कापडी पतंग अडकवायचा आणि वारा नेईल तसं बर्फावरून घसरत जायचं. मेसनर आणि फुक्स या साहसवीरांच्या जोडीनं १९८९-९० मध्ये अंटार्क्टिका ओलांडताना अनुकूल वाऱ्यात अशीच शिडं वापरली होती. आपण आज जिथे जाणार आहोत तिथे बर्फ नाही. डोंगर म्हणाल तर हवा स्वच्छ असेल त्या दिवशी ईशान्येला पावागड दिसला तर दिसला. तरीही हिवाळा आणि पतंग यांचं नातं तिथल्याइतकं घट्ट मी क्वचितच पाहिलंय. ती जागा म्हणजे वडोदऱ्यातलं समा.

समा शहराच्या उत्तरेला. एके काळचं वेगळं गाव, आता समा-सावली रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या सोसायट्या, तळं, महापालिकेचं बंदिस्त क्रीडा संकुल. पूर्वेला हरणीचा विमानतळ, मधे विश्वामित्री नदी. विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते आणि भर वस्तीतून वाहते. तिच्यात मगरी आहेत, आणि थंडीत त्या काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात. रस्त्यावरून पाहिलं तर समा कुठल्याही वाढत्या शहराच्या उपनगरासारखं, खरं सांगायचं तर थोडं कंटाळवाणं. ते बघायचं असतं गच्चीवरून.

१४ जानेवारीला, उत्तरायणाच्या दिवशी, इथे घरात कोणी नसतं. सकाळी गारठ्यात टोप्या-मफलर घालून आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे वर. कर्णे लागलेले, उंधियू-जिलेबीचे डबे वर पोचलेले, आणि शेजारच्या गच्चीवरचा एरवीचा सभ्य शेजारी आज उघड शत्रू. थंडीतला वारा इकडे बहुधा उत्तर-ईशान्येचा असतो, म्हणून समात कटलेला पतंग फतेगंजच्या दिशेनं शहरात वाहत जातो. समाकर याला दानधर्म म्हणतात की नाही ठाऊक नाही, मी म्हणतो.

इथला पतंग अगदी साधा दिसतो. कागद, एक उभी कामटी, एक वाकवलेली आडवी कामटी, शेपूट नाही. कौशल्य आहे ते कण्णी बांधण्यात आणि हातात. दोरा ताणला की पतंगाचे खांदे मागे वाकतात आणि तो नाकासमोर सरळ सुटतो. ढील दिली की तो सपाट होतो आणि गरगरतो. हवं त्या दिशेला नाक आलं की पुन्हा खेच. एवढ्यावर सगळी लढाई! बर्फावरचा पतंग माणसाला ओढत नेतो. इथे माणूस कठड्याशी उभा राहतो आणि हिंडायचं काम पतंगाकडे. वारा पडला की मात्र दोन्हीकडची माणसं सारखीच हताश, आकाशाकडे बघत बसतात.

दोऱ्याची तयारी आधीच सुरू होते. रस्त्याकडेला खांब रोवून, भाताची खळ, रंग आणि काचेची पूड यांचा लगदा मुठीत धरून कारागीर दोरा सुततात. मग तो हजार-हजार वारांच्या हिशेबानं फिरकीवर चढतो. हाच दोरा गळा कापतो, हेही सांगायला हवं. त्या दिवसांत दुचाकीच्या हँडलला वाकवलेली सळई लावलेली दिसते, ती यासाठी. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो चोरून विकला जातो. जखमी पक्ष्यांसाठी वनखातं दर जानेवारीत ‘करुणा अभियान’ चालवतं. पक्षी घरट्यातून निघण्याच्या आणि परतण्याच्या वेळी पतंग उडवू नका, असं खात्याचं मागणं. ते मानायला काय हरकत आहे?

मराठी घरं वडोदऱ्यात गायकवाडांच्या काळापासूनची. सयाजीराव महाराजांचा जन्म नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा, आणि त्याच जिल्ह्यातलं येवलं आजही संक्रांतीच्या पतंगांसाठी प्रसिद्ध. इथल्या मराठी घरात त्या दिवशी खाली सुगडं पुजली जातात, तिळगूळ वाटला जातो. नंतर सासूबाईच विचारतात, फिरकी कोण धरणार?

या गच्च्यांची आणखी एक ओळख आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली आणि समातल्या कितीतरी घरांचे तळमजले पाण्याखाली गेले. लोक गच्चीचाच आधार घेऊन राहिले. पुढच्या जानेवारीत त्याच कठड्यांवरून पतंग कापल्याची ‘काय पो छे’ची आरोळी उठली.

जायचं असेल तर १३ तारखेलाच पोचा. रात्री गेंडीगेटच्या पतंगबाजारात शिरा, गर्दीत पाय ठेवायला जागा नसते. १४ला रिक्षा मिळणं कठीण, म्हणून मुक्काम समातच हवा. पहिल्या दिवशी वारा रुसलाच, तर १५ तारीख आहे, वासी उत्तरायण. तेव्हाही सगळे गच्चीवरच असतात. बोटांना गुंडाळायला चिकटपट्टी मात्र घरूनच न्या. दुपारपर्यंत तिथल्या दुकानांतली संपलेली असते.