परदेशातील वैद्यकीय शिक्षण : आमच्या घरचा अनुभव

(गणेशोत्सव 2025 मध्ये सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



नातीच्या परदेशातल्या डॉक्टरकीविषयी दहा मिनिटं बोला, असा मला कमिटीचा हुकूम आहे. खरं म्हणजे बोलायला तीच हवी होती. पण ती म्हणाली, "आजोबा, डिसेंबरला परीक्षा आहे, तुम्हीच बोला. फक्त वाढवून सांगू नका." चौतीस वर्षं बँकेत काढल्यामुळे वाढवून सांगायची सवय तशीही नाही.

2019 साली ती नीट पात्र झाली, पण सरकारी कॉलेजला मार्क कमी पडले आणि खाजगी कॉलेज आम्हाला झेपणारं नव्हतं. युक्रेनमधल्या खार्किवला सहा वर्षांचा कोर्स पंचवीस-तीस लाखांत होतो असं कळलं. एजंटने गुळगुळीत कागदावर छापलेला हिशेब हातात ठेवला. मी तो वाचला आणि लगेच एक खोट दिसली. फी डॉलरमध्ये भरायची आणि कर्ज मिळणार रुपयांत. तेव्हा डॉलर 71 रुपयांच्या आसपास होता, आज 87 च्या पुढे आहे. शिवाय शिक्षण चालू असताना हप्ता नसला तरी व्याज चढतच असतं. पुढची गोष्ट तर कागदावर नव्हतीच. तिकडची पदवी घेऊन आलं म्हणजे इथे दवाखाना थाटता येत नाही. आधी स्क्रीनिंग परीक्षा. 300 प्रश्न, त्यातले निदान 150 बरोबर यावे लागतात. मग इंटर्नशिप, मग नोंदणी.

हे सगळं कळत असूनही आम्ही पाठवलं. मोठ्या कर्जाला तारण लागतं आणि आमच्याकडे तारण म्हणजे हा फ्लॅट. तेव्हाच्या कमिटीने आठवड्याच्या आत ना-हरकत पत्र दिलं आणि आमच्या शेअर सर्टिफिकेटवर बँकेचा बोजा नोंदवला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांवर बोजे चढवले, तेव्हा पहिल्यांदा स्वतःच्या घरावर चढवताना पाहिला. सही करताना हात थोडा कापला, हे घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

आता शिक्षणाचं. वर्गात इंग्रजी चालायचं, पण पेशंट इंग्रजी बोलत नाहीत. खार्किवमध्ये तेव्हा रस्त्यावर बहुतेक रशियनच ऐकू यायची. त्यामुळे ॲनाटॉमीबरोबर रशियन भाषाही शिकायची. "ग्दे बलीत?" म्हणजे "कुठे दुखतंय?" हा प्रश्न तिने फोनवर आम्हालाही शिकवला. आमच्या सौ. अजून गुडघा दुखला की मलाच विचारतात, ग्दे बलीत. प्रश्न विचारणं सोपं होतं, म्हातारी बाई भराभरा उत्तर द्यायला लागली की कठीण. तास बुडाला तर तो भरून काढावा लागे, मग बाहेर उणे दहा तापमान का असेना. कोविडचे काही महिने ती इथूनच, आपल्या गच्चीवर बसून, ऑनलाइन शिकली. मृतदेहाची चिरफाड मोबाइलवर पाहायची म्हणजे काय, ते विचारू नका.

फेब्रुवारी 2022. ती तिसऱ्या वर्षाला होती. 15 तारखेला आपल्या वकिलातीने कळवलं की विद्यार्थ्यांनी तात्पुरतं परत जाण्याचा विचार करावा. तिने तिकिटं पाहिली. दर नेहमीच्या दुप्पट-तिप्पट. तिने मला विचारलं, कारण घरात पैशाचं मला विचारतात. मी म्हणालो, "चार दिवस थांब, भाव उतरेल. तासही बुडणार नाहीत." तिने 26 तारखेचं तिकीट काढलं. 24 ला पहाटे युद्ध सुरू झालं आणि विमानं बंद.

हे मी आजवर जाहीरपणे बोललो नव्हतो. तिने मला कधी बोलून दाखवलं नाही, तिच्या आईनेही नाही.

सहा दिवस ती हॉस्टेलच्या तळघरात होती. बॅटरी वाचवायची म्हणून दिवसातून दोनदा एकच शब्द यायचा, "ठीक." 1 मार्चला खार्किवमध्ये कर्नाटकातला एक विद्यार्थी मारला गेला, ती बातमी आली तेव्हा त्या दिवसाचा दुसरा "ठीक" यायचा बाकी होता. तो रात्री अकराला आला. 2 मार्चला वकिलातीचा आदेश निघाला, संध्याकाळी सहाच्या आत खार्किव सोडा, वाहन नसेल तर पायी. ती मुलं अकरा किलोमीटर चालत पिसोचिन नावाच्या गावी पोचली. तिथून काही दिवसांनी बसने पश्चिमेच्या सीमेपार आणि मग 'ऑपरेशन गंगा'च्या विमानाने दिल्ली. त्या आठवड्यात आमच्या घरी चूल पेटली नाही म्हटलं तरी चालेल. डबा कधी वरच्या मजल्यावरून आला, कधी समोरून. डबे परत करताना कुठला कुणाचा तेही कळत नव्हतं.

आल्यावर सहा महिने काहीच ठरेना. इथल्या कॉलेजांत सामावून घ्यायला परवानगी मिळाली नाही. व्याज मात्र थांबत नव्हतं. मी हिशेब मांडला आणि तिला म्हणालो, आता सोड, बीएस्सी कर. बँकेत असतो तर हे खातं बुडीतच धरलं असतं. ती दोन दिवस बोलली नाही. सप्टेंबरमध्ये मेडिकल कमिशनने मार्ग मोकळा केला. दुसऱ्या देशात शिकायचं, पदवी मूळ विद्यापीठाची. ती जॉर्जियाला, तिबिलिसीला गेली. पुन्हा नवी भाषा, नवी तेहेतीस अक्षरं. पण तिथल्या जुन्या माणसांना रशियन येतं, त्यामुळे म्हाताऱ्या पेशंटांचं तिच्याशी जमायचं. वर्गातल्या मुली त्यांना तिच्याकडेच पाठवायच्या. या जूनमध्ये कोर्स पुरा झाला.

लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी मला विचारतात, "काका, आमच्या मुलाला पाठवू का?" मी एवढंच विचारतो की, परत आल्यावर परीक्षेला आणि इंटर्नशिपला दोन-तीन वर्षं घरातून पोसता येईल का? कॉलेजने तिथल्या स्थानिक मुलांना डॉक्टरकीची परवानगी देणारीच पदवी दिली आहे ना, हे तुम्ही स्वतः पाहिलं का? एजंटच्या कागदावर नाही, कमिशनच्या नियमांत. आणि मुलाला विचारलं का? आमच्याकडे हा शेवटचा प्रश्न 2022 मध्ये मीच विचारायचा विसरलो होतो.

सेक्रेटरीसाहेब, ऑडिटच्या वेळी तुम्ही म्हणालात की आमच्या सर्टिफिकेटवरची बोज्याची नोंद जुनी झाली, तपासून घ्या. तपासली. कर्ज चालू आहे, नोंद राहू द्या. फिटेल त्या दिवशी बँकेचं पत्र मी स्वतः ऑफिसात आणून देईन. आणि तळमजल्यावरच्या मुलांना एक विनंती, डिसेंबरपर्यंत रात्री दहानंतर क्रिकेट आमच्या खिडकीखाली नको.